करडईचे कांटे व पहाटेचें दंव



जेथें काळी जमीन आहे व रब्बीची ज्वारी होते, तेथें करडई कोणास ठाऊक नाहीं? झेंडू, शेवंती व सूर्यफूल यांच्याच कुळांतलें हें झाड. परंतु त्याचें फूल कोणी हारांत ओवीत नाहीं, कारण तें कांट्यांमध्यें उमलतें. आज या झाडापाशीं क्षणभर उभे राहूं.

सप्टेंबराच्या अखेरीपासून आक्टोबराच्या मध्यापर्यंत करडई पेरतात. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवितात, आणि विरळणी करून दोन रोपांत सुमारें २० सेंटिमीटर राखितात. प्रथम रोप जमिनीलगत पसरलेलें असतें. तेव्हां त्यास कांटा नसतो, व त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपल्या घरीं होते. वर वाढ फारशी दिसत नाहीं, पण सोटमूळ खालीं जात असतें. तें पुढें दोन मीटरांहूनही खोल जातें, आणि वरची जमीन भेगाळली तरी खालच्या ओलीवर झाड जगतें.

मग खोड उंचावतें, फांद्या फुटतात, आणि पानांच्या कडांस व बोंडांस कांटे येतात. शहाणा शेतकरी त्यांबद्दल कुरकुर करीत नाहीं. तो ज्वारीच्या कडेनें करडईच्या ओळी लावितो, म्हणजे गुरें आंत शिरत नाहींत. त्याच कांट्यांत पिवळें फूल येतें, तें सुकतां सुकतां तांबडें होतें, आणि त्याच बोंडांतल्या दाण्यांतून आपल्या कालवणाचें तेल निघतें.

आतां कापणी पाहा. चार-साडेचार महिन्यांनीं झाड वाळलें म्हणजे शेतकरी पहाटे, दंव असतांना, हाताला फडकें गुंडाळून कापावयास जातो. दंवानें कांटे नरम पडतात. ऊन चढलें कीं तोच कांटा सुईसारखा टोंचतो. झाड तेंच, विळा तोच. वेळ मात्र निराळी.

बंधुजनहो, येथें मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. एका मंडळींत मी पाळक असतांना तेथील एक पंच फार तिखट बोलत असे. दानाचें धान्य मोजतांना तो पायलीपायलीचा हिशेब विचारी. एका रविवारीं भर दुपारीं, सर्व मंडळीसमक्ष, मीं त्याच्या जिभेविषयीं त्यास दोष दिला. मीं बोललों तें खोटें नव्हतें. पण त्यानें पागोटें उचललें व तो निघून गेला. चौदा महिने त्याच्या घरचें कोणी उपासनेस आलें नाहीं. तेवढ्यांत धान्याच्या कणगींत तूट येऊं लागली, आणि विचारणारा कोणी उरला नव्हता. कुंपण मींच तोडलें होतें.

शेवटीं एका पहाटे मी त्याच्या शेतांत गेलों. तो करडई कापीत होता. माझ्याकडे पाहून त्यानें आपल्या हाताचें फडकें सोडलें व म्हटलें, “पाळकसाहेब, हें हाताला गुंडाळा. ऊन व्हायच्या आधीं या ओळी आटपूं.” ओळ संपली तेथें मीं क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पुढल्या रविवारीं तो आला, आणि उपासना संपतांच त्यानें हिशेबाची वही मागितली. मीं ती त्याच्या हातीं दिली.

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय घरीं वाचा. पेत्रानें प्रभूला तीन वेळां नाकारलें होतें. प्रभूनें त्यास केव्हां गांठलें? पहाटे, समुद्रकांठीं. प्रथम विस्तव पेटविलेला होता, मासळी व भाकर तयार होती. न्याहारी झाली, आणि मग प्रभूनें विचारावयाचें तें विचारलें. प्रश्न सोपा नव्हता, पेत्रास दुःखही झालें. पण तो पळाला नाहीं.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें करडईचा ‘नारी-६’ हा बिनकांट्यांचा वाण काढिला आहे. मंडळींत तसा वाण मिळावयाचा नाहीं. तिखट बोलणारा भाऊ, रुसलेली सून, हिशेब विचारणारा पंच, हे आपणांस असेच मिळाले आहेत. त्यांस उपटूं नका, आणि दुपारीं विळा घेऊन धांवूंही नका.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवांत असें कोणतें दार बंद आहे, हें तुम्हांस माहीत आहे. उद्यां लवकर उठा. आधीं प्रार्थना करा, मग दंव आहे तोंच त्या दाराशीं जा.