पडदा उघडण्याआधी

विठ्ठला, मला माणसं हवीत. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं मागतो.

मी नाटक लिहितो. कवितेची वही ट्रंकेत ठेवता येते, नाटकाला समोर माणूस लागतो. म्हणून प्रयोगाआधी मी विंगेतून डोकावतो आणि रिकाम्या खुर्च्या मोजतो. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली की छाती फुगते, नाही लागली की जीव तिकीटखिडकीशी घुटमळतो. लोकांचं बोलणं मनावर घेऊ नये, असं चारचौघांत सांगणारा मीच; आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कोण काय म्हणतंय ते ऐकायला खांबाआड उभा राहणाराही मीच. तुझ्यापासून काय लपवू? एवढासाच आहे मी.

तरी तू माणसं दिलीस. एसटी बदलून, म्हाताऱ्या आईचा हात धरून आलेली माणसं दिलीस. तुझे उपकार. हसले त्यांच्यासाठी उपकार. मध्यंतरात उठून गेले त्यांच्यासाठीही. तिकीट त्यांनीही काढलं होतं.

टीका सोसायला गेंड्याची कातडी मागणार नाही. तिला दुसऱ्या अंकातला खोकला ऐकू येत नाही. मला कान दे. सगळं नाट्यगृह खाकरू लागतं, खुर्च्या करकरतात, तेव्हा कुणी माझा वैरी झालेला नसतो. प्रवेश लांबलेला असतो. ते मला कळू दे. त्याच रात्री संहिता कापायची बुद्धी दे.

आणि कापू नये तिथे माझा हात धर.

तू सगळं पाहिलं आहेस. १९७२ साली पुण्यात तेंडुलकरांचं नाटक ‘घाशीराम कोतवाल’ आलं, त्यातले नाना फडणवीस लोकांना झोंबले, आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं. नाटकातल्या मंडळींनी मग थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये तेच नाटक पुन्हा उभं केलं. त्याच तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ १९५५ मध्ये पडलं होतं, तेव्हा पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो निश्चय तू मोडलास, देवा. केवढं दिलंस आम्हाला!

प्रेक्षक कधी कंटाळून रागावतो, कधी वर्मी लागलं म्हणून रागावतो. दोन्हींचा आवाज सारखाच येतो. मला ते वेगळे ओळखू दे. पहिल्यापुढे मान लववू दे, दुसऱ्यापुढे उभं राहू दे.

टाळीपासूनही सांभाळ. ज्या वाक्याला हशा येतो ते नट पुढच्या प्रयोगात जरा ताणतो, आणि मी पुढच्या नाटकात तसलंच वाक्य पेरतो. कुणी अडवत नाही, कारण लोकांना ते आवडतंच. असं होता होता हातात लेखणी माझी राहते आणि लिहिणारे भलतेच होतात. शिव्यांनी माझं इतकं नुकसान होत नाही, विठ्ठला. टाळी दे, पण तिची भूक आवरायलाही तूच ये.

तुझ्या तुकोबाच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेव्हा तो अन्नपाणी सोडून तुझ्या दारात बसला, असं सांगतात. ज्या रामेश्वरभटांमुळे त्या बुडाल्या, तेच पुढे त्याचे झाले. तुकोबाशी माझी कसली बरोबरी? माझ्यावर कोरडे ओढणाऱ्याने माझं व्हावं, असं मी मागत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात कडू काही उरू नये, एवढंच माग­तो.

चारच माणसं आली तरी त्या चौघांसाठी माझे नट जीव लावून उभे राहू देत. माझा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचू दे. आणि लोक येवोत, न येवोत. रागावोत, उचलून धरोत. पुढचं नाटक माझ्याकडून लिहून घे, विठ्ठला.