माणसं राहिली, घंटा गेल्या

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या लोकांना एक हक्काची वाट आहे. फेब्रुवारी 1846 मध्ये इलिनॉयमधलं नॉवू हे गाव सोडून ते गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले. ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबरची पहिली तुकडी जुलै 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर. आज त्यांचे वंशज हीच वाट मोटरसायकलवरून पालथी घालतात, वाटेतल्या मुक्कामांपाशी आणि थडग्यांपाशी थांबतात.

रविवारी बाइक काढणाऱ्या वसईकराला याचा थोडा हेवा वाटतो. पापडी, रमेदी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही सगळी चर्चं एका सकाळीत उरकतात, टाकीतला काटाही फारसा हलत नाही. कारण इथले ख्रिस्ती कुठे गेलेच नाहीत. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. तहानुसार पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने बाहेर पडली. पण धर्मांतरित झालेला स्थानिक शेतकरी आपली वाडी, आपली विहीर सोडून जाणार कुठे? तो राहिला, त्याची बोली राहिली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्याची उपासनाही मराठीत आली. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

वसईतून गेल्या त्या चर्चच्या घंटा, जिंकणाऱ्या मराठ्यांनी नेलेल्या. तेव्हा वारशाच्या मागे बाइक न्यायचीच तर ती घंटांच्या मागे न्यावी लागते, आणि ही वाट मात्र चांगली लांब आहे. आधी नाशिक, मग भीमाशंकर, मग वाईजवळचं मेणवली.

नाशिकला निघालं की चिंचोटीवरून भिवंडीच्या रस्त्याला लागायचं. खड्डे चुकवता चुकवता अंजूर फाटा येतो आणि हे नाव नुसतं ओलांडून जाता येत नाही. पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचाला कंटाळून पेशव्यांना या मुलखात आणण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करणारे गंगाजी नाईक इथले. त्यांच्या कानाला वसईच्या घंटांचा नाद कसा लागत असेल? भक्तीचा नक्कीच नाही. हे मनात ठेवून पुढे गेलेलं बरं.

पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकरांचं देऊळ आहे. तिथली घंटा देवळातल्या नेहमीच्या घंटेसारखी हात उंचावून वाजवायची नाही. ती दाराच्या माथ्यावरच्या मनोऱ्यात उंच टांगली आहे, म्हणजे जवळजवळ चर्चमधल्या तिच्या मूळ जागेसारखीच. तिच्यावर सन आहे 1721. देऊळ बांधलं गेलं 1747 मध्ये. म्हणजे वसई पडल्यापासूनची मधली आठ वर्षं ती कुठेतरी पडून होती किंवा दुसरीकडे लटकत होती. मेणवलीच्या घंटेचा हिशेब याहून गमतीचा. कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ पंचधातूची ही घंटा आहे, बाळ येशूला घेतलेली मरियम तिच्यावर स्पष्ट दिसते, आणि सन 1707. गाव वसवलं नाना फडणवीसांनी, आणि वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता! विजयाचं चिन्ह म्हणून ती थेट रणांगणावरून तिथे गेली असणं शक्यच नाही. ती हातोहात फिरली, कुणी कुणाला दिली, आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ थोडा बदलला असणार.

पहिला अर्थ अर्थातच लुटीचा. युरोपात जिंकलेल्या गावच्या घंटांवर तोफखाना हक्क सांगायचा, कारण तोफ ओतायला तोच धातू लागे. मराठ्यांनाही तोफांची गरज कमी नव्हती. तरी या घंटा वितळवल्या नाहीत, देवापुढे बांधल्या. भीमाशंकरच्या घंटेवर बोट ठेवून आजही कुणी सांगतं, ही अप्पांनी आणलेली, आणि सांगताना मान ताठ होते. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

दुसरा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला, अभ्यासकांच्या हातून. मुंबईत डॉक्टरी करणारे गोव्याचे जोसे गेर्सन दा कुन्हा यांनी 1876 मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं. त्यांच्या लेखी वसई म्हणजे अवशेष: पडक्या भिंती, थडग्यांवरचे लेख, सनावळ्या. मग पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आलं. जिंकलेली वस्तू आता जुनी वस्तू झाली. सन वाचायची सवय आपल्याला लागली ती यांच्यामुळे, पण त्यात वसईतली जिवंत माणसं मात्र गाळली गेली.

तिसरा अर्थ सध्या घडतो आहे. किल्ल्यात झाडझुडूप काढणारी, गाइड बनून फिरवणारी पोरं आणि बाइकवाले तो घडवताहेत. ढाब्यावर चहा घेताना कुणीतरी हमखास विचारतं, या घंटा वसईला परत मागायला नकोत का? माझं म्हणणं, नकोत. भावनेचं कारण राहू दे, आकडे बघा. 1721 ची घंटा वसईत राहिली असेल फार तर अठरा वर्षं, आणि गोदाकाठी तिला पावणेतीनशे वर्षं उलटून गेली. मेणवलीच्या घंटेची वसईतली वर्षं बत्तिसाच्या वर जात नाहीत. कुठली म्हणायची ती आता?

मागायचंच असेल तर त्याहून सोपं काहीतरी मागावं. वसई-विरारच्या शाळांच्या सहली नाशिकला जातात, पंचवटीत बस थांबतेच. तिथे मुलांना नारोशंकरांच्या दारात उभं करून तो सन वाचायला लावावा. मेणवलीच्या वाड्यात शिनेमाचं शूटिंग कुठे झालं हे सांगणाऱ्यांनी दोन मिनिटं घंटेवरच्या मरियमपाशीही घालवावीत. आणि जाताना, अंजूर फाट्यावर बस खड्ड्यांत अडकलेली असतानाच, गंगाजी नाइकांची हकीकत सांगून टाकावी. नाहीतर पोरांना ती घंटा नुसती चोरीची वाटायची.