परतणाऱ्याचे नाव कसे घ्यावे?

हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकली गेली, तेव्हा अबू जहलचा पुत्र इक्रिमा येमेनच्या दिशेने पळाला. पिता-पुत्र दोघांनीही इस्लामशी उघड वैर केले होते. इक्रिमाची पत्नी उम्मे हकीम (रजि.) यांनी आदरणीय प्रेषितांकडे (स.) अभय मागितले व पतीला परत आणले. तो पोहोचण्यापूर्वीच प्रेषितांनी (स.) सहाबांना त्याच्या पित्याला शिव्या देण्यास मनाई केली, असे सीरतच्या ग्रंथांत येते; कारण अशी शिवी मृताला पोहोचत नाही, जिवंताला मात्र दुखावते. अभय पुरेसे नव्हते. ज्या समाजात तो परतणार होता, त्याच्या जिभेलाही वळण लावावे लागले.

आज हाच प्रश्न सीरियाहून परतणाऱ्या कुटुंबांबाबत उभा आहे. मार्च २०१९ मध्ये बागूझ पडल्यावर ‘दाइश’च्या लढवय्यांच्या हजारो बायका-मुले अल-होल छावणीत अडकली. त्याच वर्षी कझाकस्तानने आपले पाचशेहून अधिक नागरिक मायदेशी आणले. त्यांत बहुसंख्य मुले होती. मोहिमेचे नाव ‘जुसान’. ही तेथील माळरानावरची कडू, पण सुगंधी वनस्पती. तिच्या वासाने कझाक माणसाला घर आठवते. नाव गुन्ह्यावरून नव्हे, घरावरून ठेवले गेले.

परंतु गोड नावाने गुन्हा झाकता येणार नाही. २०१४ मध्ये सिंजार येथे यझिदींच्या कत्तली झाल्या, त्यांच्या स्त्रियांना गुलाम केले गेले. हे सांगताना ज्याची जीभ अडखळते, त्याची करुणा अपुरी आहे. स्वतःच्या वा आप्तांच्या विरुद्ध जावे लागले तरी न्यायाची साक्ष द्या, ही दिव्य कुरआनची आज्ञा आहे (सूरह निसा, १३५). आणि कोणी कोणाच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हाही त्याच ग्रंथाचा निर्वाळा आहे (सूरह फातिर, १८). या दोन्ही आज्ञा एकत्र पाळणे कठीण आहे. ज्याने गुन्हा केला, त्याने न्यायालयात उत्तर द्यावे. त्याच्या मुलाला मात्र शाळेत त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मिळावी.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. २०१४ मध्ये कल्याणमधूनही चार तरुण इराकला गेले होते. अशा घरांतील आई-वडील व भावंडे आपल्याच मोहल्ल्यांत राहतात, आपल्याच मशिदींत नमाज अदा करतात. त्यांच्यामागे आपण काय कुजबुजतो? मिम्बरवरून गुन्ह्याचा निषेध निःसंदिग्ध शब्दांत व्हावा, हे माझे कर्तव्य आहे. पण सफेत शेजारी उभ्या असलेल्या निरपराध भावाला सलाम करणे, हे तुम्हा-आम्हा सर्वांचे कर्तव्य आहे.

अल्लाह आपल्या जिभांना सत्य आणि दया दोन्ही देवो. आमीन.