आपला विश्वासू



लग्नसराई सुरू झाली की आपल्या धर्मग्रामात दर आठवड्याला कुठे ना कुठे मांडव पडतो. चर्चमध्ये विवाह संस्कार आणि मिस्सा होते, नंतर हॉलमध्ये रिसेप्शन. केक कापला जातो, टोस्ट होतो आणि मग दिवे मंद करून नवरा-नवरीच्या पहिल्या नाचासाठी एखादे इंग्रजी गाणे लावतात. चाल गोड असते, गाणाऱ्याचा आवाज काळजाला भिडतो. शब्दांकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नसते. आज अशाच एका गाण्याच्या शब्दांकडे आपण लक्ष देणार आहोत, कारण त्यात विवाह संस्काराचा गाभा दडलेला आहे आणि एक धोक्याची सूचनाही आहे.

गाण्याचे नाव 'फेथफुली'. अमेरिकेतील 'जर्नी' या रॉक बँडने ते 1983 साली 'फ्रंटियर्स' या अल्बममध्ये प्रसिद्ध केले. स्टीव्ह पेरी यांनी ते गायिले आणि बँडचे कीबोर्डवादक जोनाथन केन यांनी ते लिहिले. बिलबोर्डच्या यादीत ते बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यापेक्षा वर गेलेली कितीतरी गाणी आज कुणाला आठवत नाहीत. हे गाणे मात्र चाळीस वर्षांनंतरही लग्नांत वाजते. अशा गाण्यांना 'पॉवर बॅलड' म्हणतात. सुरुवात हळुवार, एकट्या पियानोवर. मग ढोल येतात, गिटार येते आणि शेवटी आवाज छताला भिडतो.

ते लिहिणारा माणूस कोण होता? जोनाथन केन हा शिकागो शहरातील कॅथलिक कुटुंबातला मुलगा. तो आठ वर्षांचा असताना, 1 डिसेंबर 1958 रोजी, त्याच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या धर्मग्रामाच्या शाळेला आग लागली. त्या आगीत 92 मुले आणि तीन धर्मभगिनी मरण पावल्या. जोनाथन वाचला. पुढे तो संगीताकडे वळला आणि 1980 साली 'जर्नी'मध्ये आला. बँड मोठा झाला, दौरे वाढले. आज हे शहर, उद्या ते शहर. रात्री कार्यक्रम आणि मग पुन्हा बसचा प्रवास. पत्नी घरी. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज या गावाकडे चाललेल्या अशाच एका बसमध्ये त्याला हे गाणे सुचू लागले. ते इतक्या झटपट पूर्ण झाले की ते आपल्याला वरून मिळाले, असे तो सांगत असे.

आता त्या गाण्यात काय आहे ते पाहा. त्यात ना फुले आहेत, ना चंद्र, ना सोबत घालवलेली संध्याकाळ. त्यात रस्ता आहे, गाडीची चाके आहेत, सर्कशीसारखे फिरते आयुष्य आहे. पती दूर आहे, पत्नी दूर आहे. दुरावा सोपा नाही, हे तो लपवत नाही. असे जगणाऱ्याने संसार मांडू नये असे लोक म्हणतात, हेही तो ऐकवतो. पण घरी परतल्यावर दोघे अनोळखी माणसांसारखी एकमेकांना नव्याने ओळखू लागतात, त्यात आनंद आहे, असे तो म्हणतो. आणि शेवटी एकच वचन देतो, निष्ठेचे.

म्हणजे ज्या गाण्यावर नवे जोडपे हातात हात घेऊन नाचते, ते गाणे मुळात दुराव्याचे आहे! हे ऐकून कुणाला वाटेल, मग लग्नात ते कशाला? पण थोडा विचार करा. बायबलमधील रूथचे शब्द कितीतरी विवाहांत वाचले जातात. तू जाशील तिथे मी येईन, अशा अर्थाचे ते शब्द पत्नीने पतीला उद्देशून म्हटलेले नाहीत. विधवा झालेल्या सुनेने आपल्या विधवा सासूला ते म्हटले आहेत. दोघींचे सारे काही गेले होते, पुढचा रस्ता दिसत नव्हता, तेव्हा ते शब्द निघाले. निष्ठेचा खरा शब्द सुखाच्या दिवशी जन्माला येत नाही. तो अडचणीच्या रस्त्यावर जन्मतो आणि म्हणूनच सुखाच्या दिवशी तो आठवणीत ठेवायचा असतो. वेदीसमोर वधूवर जे वचन देतात त्यातही चांगल्या दिवसांबरोबर वाईट दिवस आहेत, आरोग्याबरोबर आजार आहे. ख्रिस्तसभा नव्या जोडप्याला फसवत नाही. पहिल्याच दिवशी ती त्यांना पुढचा सगळा रस्ता दाखवते.

गाण्याचे नावच पाहा. इंग्रजी पत्राच्या शेवटी सहीच्या वर हाच शब्द लिहितात. मराठी अर्जाखाली आपण लिहितो, 'आपला विश्वासू'. लिहिताना आपण त्याचा विचारही करत नाही. पण विवाहाच्या दिवशी वधूवर चर्चच्या नोंदवहीत सही करतात, तेव्हा न लिहिता हेच शब्द त्या सहीच्या वर असतात. मी तुझा विश्वासू. मी तुझी विश्वासू. नोंदवहीत ही सही एकदाच होते, पण आयुष्यात ती रोज करावी लागते.

व्याकरणाच्या भाषेत 'निष्ठेने' हे क्रियाविशेषण आहे. ते एकटे उभे राहू शकत नाही, त्याला क्रियापद लागते. निष्ठेने काय? निष्ठेने कमावणे, निष्ठेने घरी पैसे पाठवणे, निष्ठेने खरे बोलणे, निष्ठेने वाट पाहणे, निष्ठेने क्षमा करणे, आजारी माणसाचे अंथरूण निष्ठेने बदलणे. गाणे आपल्याला क्रियाविशेषण देते. क्रियापद ज्याचे त्याने रोज शोधायचे असते.

आता गाण्यामागची दुःखाची बाजू. हे गाणे ज्या विवाहातून जन्मले, तो विवाह टिकला नाही. जोनाथन केन आणि त्याची ती पत्नी पुढे विभक्त झाले. गाणे राहिले, संसार राहिला नाही. हे मी त्या माणसाकडे बोट दाखवण्यासाठी सांगत नाही. कुणाच्या घरात काय झाले याचा न्याय आपण करायचा नाही. तो प्रभूचा अधिकार आहे. पण त्यातून आपल्याला शिकण्यासारखे काही आहे.

पहिली गोष्ट अशी की, वचन मनापासून दिले म्हणून ते आपोआप पाळले जात नाही. त्या बसमध्ये लिहिणारा माणूस खोटे लिहीत नव्हता. भावना खरी होती. पण भावना म्हणजे ठिणगी. चुलीत लाकूड घालत राहिले तरच ठिणगीतून सुरू झालेली आग सकाळपर्यंत राहते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबाविषयी जे प्रेषितीय बोधपत्र लिहिले, त्याच्या चौथ्या अध्यायात त्यांनी संत पौलाच्या प्रीतीवरील शिकवणीतला एकेक शब्द उलगडून दाखवला आहे. प्रीती सहनशील आहे, इथून संत पौल सुरुवात करतो. सहनशीलता ही काही नाचाच्या रात्रीची भावना नव्हे. ती दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या वर्षीची कृती आहे.

दुसरी गोष्ट. पॉवर बॅलड हळू सुरू होते आणि मोठ्या आवाजात संपते. संसाराचे उलट असते. तो बँडबाजाने, फटाक्यांनी, पाहुण्यांच्या गर्दीत सुरू होतो आणि हळूहळू शांत होत जातो. मुले मोठी होतात, घर सोडून जातात आणि शेवटी दोनच माणसे उरतात, संध्याकाळच्या रोझरीला बसलेली. मोठा आवाज थांबला म्हणजे प्रेम संपले असे पुष्कळ तरुणांना वाटते. तसे नाही. ते गाण्याच्या सुरुवातीच्या पियानोसारखे झालेले असते. फक्त कान शांत हवेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, आपली निष्ठा आपल्या एकट्याच्या बळावर उभी नाही. होशेय संदेष्ट्याची पत्नी त्याला सोडून गेली, तरी देवाने त्याला तिला परत घरात घ्यायला सांगितले. इस्राएलवर मी असेच प्रेम करतो, हे देवाला लोकांना दाखवायचे होते. आपण अविश्वासू झालो तरी देव विश्वासू राहतो, अशी ग्वाही संत पौल तीमथ्याला देतो. विवाह हा करार असता तर दोन सह्या पुरल्या असत्या. तो संस्कार आहे, म्हणून त्यावर तिसरी सही आहे, ख्रिस्ताची. जोडप्याची सही पुसट होते तेव्हाही ती पुसट होत नाही. म्हणून संकटात सापडलेल्या जोडप्याने आधी एकमेकांशी आणि मग धर्मगुरूंशी बोलावे, चर्चपासून दूर पळू नये. आणि ज्यांचे संसार मोडले आहेत असे आपले बंधुभगिनी आपल्याच बाकावर बसलेले असतात. त्यांच्याविषयी मिस्सानंतर अंगणात कुजबुज करणे म्हणजे आपण स्वतः अविश्वासू होणे.

काही तरुण विचारतात, हेच गाणे मिस्सामध्ये गायले तर काय बिघडले? त्यात वाईट शब्द तर नाही. प्रश्न वाईट-चांगल्याचा नाही, जागेचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेवरील दस्तऐवजात पवित्र संगीताला स्वतंत्र प्रकरण दिले. 1967 साली निघालेल्या संगीतविषयक सूचनेत तर केवळ ऐहिक स्वरूपाचे संगीत उपासनेत नको, असे स्पष्ट म्हटले आहे. कारण साधे आहे. या गाण्यात पती पत्नीशी बोलतो. मिस्सामध्ये पती आणि पत्नी दोघे मिळून देवाशी बोलतात आणि देव त्यांच्याशी बोलतो. वेदीसमोर स्तोत्र शोभते, हॉलमध्ये हे गाणे शोभते. दोन्ही आपापल्या जागी असली की दोन्हींचा मान राहतो. गायनवृंदाला शेवटच्या दिवशी अडचणीत टाकण्यापेक्षा वधूवरांनी गाणी आधीच धर्मगुरूंना दाखवावीत.

बंधुभगिनींनो, हे गाणे दूरच्या अमेरिकेचे असले तरी त्यातला दुरावा आपल्याला अनोळखी नाही. आपल्या वसईतून कितीतरी जण आखातात गेले, कितीतरी बोटीवर आहेत. गोव्यातील तारवटींची घरे तर पिढ्यान् पिढ्या हेच जगत आली. 'जर्नी'मध्ये 2007 साली जो नवा गायक आला, तो आर्नेल पिनेडा, फिलिपिन्सच्या मनिला शहरातला. तेरा वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि काही काळ तो उघड्यावर, बागेत झोपला. ज्या देशातील लाखो आईबाप पोटासाठी परदेशात राबतात, त्या देशाचा मुलगा घर दूर ठेवून जगभर हे गाणे गाऊ लागला. त्याच्या तोंडी ते शब्द किती खरे वाटत असतील!

समुद्रावर काम करणाऱ्यांची काळजी घेणारे ख्रिस्तसभेचे कार्य 1920 साली ग्लासगो येथे सुरू झाले. आज ते 'स्टेला मारिस', म्हणजे समुद्रतारा, या नावाने ओळखले जाते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर या दर्यावर्दी बांधवांसाठी प्रार्थना होते. पण प्रार्थना वर्षातून एकदाच का? ज्यांचा जोडीदार दूर आहे त्यांनी दोन-तीन गोष्टी कराव्यात. फोनवर फक्त पैशांचे आणि घरदुरुस्तीचे बोलू नका. दिवस कसा गेला ते विचारा. रोज ठरलेल्या वेळी, इथे आणि तिथे, एक 'नमो मारिया' म्हणा. दोघांची घड्याळे वेगळी असली तरी प्रार्थना एक होते. आणि माणूस सुट्टीवर घरी आला की पहिले आठ दिवस पाहुण्यांना थोडे बाजूला ठेवा. दोघांना पुन्हा ओळख करून घेऊ द्या. शेजाऱ्यांनो, एकट्या राहणाऱ्या बाईकडे संशयाने नव्हे, आधाराने पाहा.

यापुढे एखाद्या रिसेप्शनमध्ये हे गाणे लागले, तर नव्या जोडप्याकडे पाहून टाळ्या जरूर वाजवा. आणि आपला जोडीदार शेजारी बसला असेल तर त्याचा हात हातात घ्या. शेजारी नसेल तर मनात त्याच्यासाठी, तिच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांचा जोडीदार प्रभूच्या घरी गेला आहे, त्यांनी प्रभूचे आभार मानावेत, कारण मरणापर्यंत दिलेला शब्द त्यांनी पूर्ण केला आहे.

हे विश्वासू प्रभो, आमचे शब्द मोठे आहेत आणि आमचे बळ थोडे. जे वचन आम्ही तुझ्या वेदीसमोर दिले, ते पाळण्याची कृपा आम्हांला रोज दे. जे दूर आहेत त्यांना सुखरूप ठेव, जे दुरावले आहेत त्यांना जवळ आण, जे मोडले आहेत त्यांना तुझ्या हृदयाशी धर. आमेन.