कॉर्फचा खचलेला दरवाजा

निवांत बसा. श्वास आपल्या चालीनं चालू द्या. त्याला वळण लावत बसू नका.

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमध्ये, पर्बेक टेकड्यांची रांग एके ठिकाणी तुटते. त्या खिंडीत एक वेगळी टेकडी आहे आणि तिच्यावर कॉर्फचा किल्ला. उरलाय तेवढाच. गवत ओलं आहे, सावकाश चढा.

मधल्या दरवाजाशी थांबा. दोन बुरुज, मध्ये कमान. पण एक बुरूज उभाच्या उभा खाली सरकलाय. पडला नाही, नुसता सरकलाय. कमानीची दोन टोकं आता एकमेकांना भेटत नाहीत. त्या फटीकडे पाहत राहा.

‘काळाचा महिमा’ असं मनात आलं असेल. येऊ द्या, पण धरून ठेवू नका. हे काळानं केलेलं नाही. वर दिसतोय तो बालेकिल्ला पहिल्या हेन्रीच्या वेळचा, बाराव्या शतकातला. पाचशे वर्षं तो ऊनपाऊस सोसून ठणठणीत होता. १६४३मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू असताना पार्लमेंटच्या फौजेनं वेढा घातला. घरधनी राजाकडे गेलेला. त्याची बायको मेरी बँक्स, तिच्या मुली, मोलकरणी आणि पाच शिपाई वरचा भाग लढवत होते. तटावरून धोंडे आणि धगधगते निखारे खाली लोटत होते. ते निखारे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. कोणत्या चुलीतून आणले असतील?

वेढा उठला. पुढे १६४६मध्ये किल्ला पडला तो फितुरीनं. मग पार्लमेंटच्या हुकुमानं भिंतींखाली सुरुंग खोदले, दारू ठासली, बत्ती दिली. (१८१८नंतर याच देशाच्या अधिकाऱ्यांनी सह्याद्रीत गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. अलंग-मदनच्या तुटक्या पायऱ्यांवर दोराला लोंबकळलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

आता उतरा. घाई नाही.

पायथ्याशी कॉर्फ गाव आहे. पडलेला दगड लोकांनी उचलून नेला, घरं बांधली. एखाद्या भिंतीला तळवा लावा. करडा, खरखरीत चुनखडीचा दगड. उन्हाची बाजू कोमट, सावलीतली गार. हा तटातला की खाणीतून आणलेला, हाताला कळत नाही.

तळवा तिथंच राहू द्या. आतून भांड्यांचा आवाज येतोय.