नाथसागराकाठचा घास

पैठणला सहलीला आलेला माणूस तीन गोष्टी करतो. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतो, धरण बघतो आणि ज्ञानेश्वर उद्यानात सावली धरून डबा सोडतो. त्यात वाईट काय? काहीच नाही. तरी आमच्या घरात या डब्यावरून दोन मतं होती, आणि दोन्ही मतांची माणसं पाण्याखाली गेलेल्या एकाच गावची होती.

1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते देशाला अर्पण झालं. दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, 27 दरवाजे, भरलं की शंभर टीएमसीच्या वर पाणी. आधी ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. ज्या गावाजवळ धरण झालंच नाही त्याचं नाव धरणाला मिळालं. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगावकडची जी गावं गोदाकाठच्या काळ्या रानासकट उठली, त्यांची नावं सोयरिकी जुळवताना तेवढी निघतात.

माझे वडील, म्हणजे दादा, उद्यानात कधी पाय ठेवायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "आपल्याच मढ्यावर बसून जेवायचं का?" आजी मात्र आम्हा लेकरांना घेऊन जायची. धपाटे, दही, लसणाची चटणी फडक्यात बांधून. हिरवळीवर बसली की पहिला घास बाजूला काढायची, पाण्याकडं तोंड करून गावाचं नाव घ्यायची आणि मग म्हणायची, "हं, खा आता."

एकदा दोघांचं यावरून लागलं. आजी म्हणाली, "पितरांचं पान वाढतोस का नाही? मेल्या माणसाच्या आवडीचं रांधतो, त्याच्या नावानं घास काढतो अन् मग आपणच पोटभर जेवतो. त्याला कुणी पाप म्हणतं का? बिननावाचं खाणं पाप."

दादा गप्प बसणारे नव्हते. "पितर आपल्या मरणानं गेले, माय. गावाचं तसं नाही. नाथांनी तहानलेल्या गाढवाला काशीचं पाणी पाजलं, खरंय. पण कावड त्यांची सोताची होती. आपली कावड दुसऱ्यानं रिती केली, अन् नाव दिलं नाथसागर."

मला वाटतं, दादांच्या या बोलण्याला उत्तर नाही. त्याग स्वतःहून केला तर त्याग. दुसऱ्याकडून करून घेतला तर तो शब्दच खोटा पडतो. तहान खरी होती. संभाजीनगर, जालन्याच्या नळांना हेच पाणी येतं, कालव्याखालचं रान त्यावरच भिजतं. पण तहान खरी होती म्हणून विचारायचं राहिलं ते भरून निघत नाही.

तरीही घास मी आजीच्या बाजूनं काढतो. न हसल्यानं गाव वर येत नाही. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला, तळ उघडा पडला. तेव्हा हाती आला तो गाळ आणि भेगा. नांदतं गाव नाही. लेकरांना काठावरून हाकलून त्या गावाला न्याय मिळणार नाही. उलट लेकरं काठावर आलीच नाहीत तर नाव सांगायचं कुणाला?

मग सहलीला आलेल्यावर काही देणं आहे की नाही? आहे, आणि ते फार अवघड नाही. शहरातून येणारा तर हे पाणी घरी रोज पितो. तो इथं परका नाहीच. त्यानं डबा सोडावा, लेकरांना खेळू द्यावं, हिवाळ्यात पाखरं बघावीत. फक्त घास घेण्याआधी जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, "बाबा, इथं पाण्याखाली कोणतं गाव होतं हो?"

नाव ऐकून जेवण कडू होत नाही. आमचं कधी झालं नाही. आणि विचारलं की म्हातारा नुसतं नाव सांगून थांबत नाही. वेस कुठं होती, पार कुठं होता, कुणाच्या विहिरीला गोड पाणी होतं, सगळं सांगतो. तेवढा वेळ मात्र हाताशी ठेवून जावं.