हाकेला ओ

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजली जाते ती कोयत्यांवर, आणि हंगाम संपल्यावर टनांचा हिशेब फिटतो तोही कोयत्याच्याच नावावर. दसरा-दिवाळी उरकली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कोरडवाहू गावांतून हे कोयते बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात, आणि काही आपल्याच नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, भंडारदरा आणि मुळा धरणांच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या रानांत. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचं कौतुक आपण आजही करतो आणि ते करायलाच हवं. पण त्या पाण्याच्या आणि बिनपाण्याच्या तालुक्यांमधली ये-जा ज्यांच्या पायांवर चालते, त्यांच्या बरोबर एक फार लहान माणूसही येतं. सहा महिन्यांचं, वर्षाचं, दीड वर्षाचं. अंगावर पितं म्हणून त्याला गावी आजीजवळ ठेवता येत नाही. कोयत्यात ते मोजलं जात नाही आणि मुकादमाच्या वहीतही ते नसतं.

या बाळाबद्दल बोललं जातं तेव्हा बहुतेक वेळा वजनकाटा पुढे येतो. तो यायलाच हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्या राज्यात एवढी साखर होते तिथे ही गोष्ट रोज आठवावी अशी आहे. तरीही बाळाची एक गरज अशी असते, जी काट्यावर दिसत नाही आणि दंडाच्या घेरातही मावत नाही. त्याने हाक दिली की कुणीतरी ओ द्यावी लागते. बाळाच्या बुद्धीची, भाषेची, मायेची सगळी बांधणी या देवघेवीवर होते, आणि ती करायला मोठ्या माणसाजवळ वेळ लागतो. हा वेळ आईच्या मनात किती माया आहे त्यावर ठरत नाही. तिच्या दिवसावर हक्क कुणाचा आहे, त्यावर तो ठरतो. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट समजून घ्यायचं तर आधी बाळाकडे जरा निवांत पाहायला हवं.

दीड-दोन महिन्यांचं बाळ माणसाचा चेहरा पाहून हसायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते आणि गळ्यातून हुंकार निघू लागतात. आई त्या हुंकाराला हुंकार देते आणि थांबते. मग बाळ पुन्हा आपली पाळी घेतं. एक शब्दही येत नसताना बोलण्यातली पाळी-पाळी त्याला कळलेली असते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळता खेळता आईने दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा, काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून पाहतं, मग हात पसरतं, ओरडतं, आणि कशानेच काही होत नाही असं दिसल्यावर तोंड फिरवतं. आई समोरच बसलेली असते. उपाशी नसलेलं, कोरडं, ऊबदार बाळ केवळ ओ मिळाली नाही म्हणून एवढं कासावीस होतं, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला बाळाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे नवव्या-दहाव्या महिन्यात बोटांची चिमूट जमते आणि अंगणात सांडलेला बाजरीचा दाणा नेमका उचलून तोंडात जातो. त्याच सुमाराला बाळ बोट दाखवू लागतं, आणि माझ्या मते त्या पहिल्या वर्षातली ही सगळ्यांत मोठी घटना आहे. चालण्याचं कौतुक घरभर होतं, बोट दाखवण्याचं कुणी फारसं करत नाही. पण कावळ्याकडे बोट करणारं बाळ फक्त कावळा पाहत नाही. वळून आपल्या माणसाकडेही पाहतं. मला जे दिसतं ते तुलाही दिसतंय ना, हे त्याला विचारायचं असतं. तिथे कुणी ‘हो रे, काऊ! उडाला बघ’ म्हणालं की एक शब्द त्याच्या पदरात पडतो, आणि तोही ज्या क्षणी त्याला हवा असतो त्याच क्षणी. पाटी-पेन्सिल पुढे ठेवून हे साधत नाही. वाटी दहादा खाली टाकणारं वर्षाचं पोरही आपल्याला छळत नसतं. प्रत्येक वेळी ती खालीच जाते का, आवाज तसाच येतो का, आणि आई प्रत्येक वेळी उचलून देते का, या तिन्ही गोष्टी ते तपासत असतं. तिसरा प्रश्न पहिल्या दोनांइतकाच महत्त्वाचा असतो.

हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राच्या अंदाजानुसार आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात येत नाहीत त्या गळून जातात. कोणत्या वापरात राहतील हे बाळाच्या भोवतीची माणसं ठरवतात.

आपल्या घरांना हे आतून ठाऊक होतं. पायावर घेऊन बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल चोळता चोळता त्याच्याशी सारखं बोलत असते, हात-पाय-पोट एकेक नावाने घेत जाते. पदराआडून ‘भॉक’ करणं, बोटांचे खेळ, मांडीवरची बडबडगीतं, अंगाई, पांगुळगाडा हे सगळं बाळाच्या वयाला इतकं अचूक बसलेलं आहे की त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची निरखणी असणार. पण जुन्या घराचे गोडवे गाताना मी जरा थांबतो. त्याच घरात चिकाचं पहिलं दूध पिळून टाकलं जाई, जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडलं जाई, आणि वीस वर्षांच्या सुनेला स्वतःच्या लेकराकडे निवांत बघायलाही दिवसाउजेडी सवड नसे. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला ज्ञान लागतं, आणि ते ज्ञान बाईच्या हाताशी असावं लागतं.

आता फडावर येऊ. पहाटे अंधारातच टोळी उसाला भिडते. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. ट्रक रात्री आला तर भरणीही रात्री. एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उचल आधीच घेतलेली आहे, घरात खर्च झालेली आहे. म्हणजे पुढच्या चार-पाच महिन्यांतला आईचा प्रत्येक तास आगाऊ विकला गेलेला असतो. बाळ बांधावर गोधडीवर असतं, नाहीतर झाडाला किंवा बैलगाडीखाली बांधलेल्या झोळीत. त्याच्यापाशी सात-आठ वर्षांची बहीण असते. आई मधेच येते, पदराखाली घेते, पण नजर राहिलेल्या सऱ्यांवर असते. बाळ दूध पिता पिता वर पाहतं. त्या पाहण्याला परत पाहणारे डोळे तिथे असतात, पण त्यांना थांबता येत नाही. या बाईला कुणी ‘बाळाशी बोलत जा, खेळत जा’ असं शिकवायला गेलं तर तो तिचा अपमानच होईल. तिला ते येतं. तिला त्यासाठी अर्धा तास कुणी दिलेला नाही.

आणि ती बहीण? ती खरोखर चांगली सांभाळते. काखेत घेऊन हिंडते, कोपीसमोर, म्हणजे टोळीच्या खोपटासमोर, वाढ्यांचे झुपके हलवून हसवते, तोंडात माती गेली तर बोट घालून काढते. पण तिला स्वतःलाच अजून कुणीतरी ओ द्यायला हवी. एका बाळाला सांभाळण्यासाठी तिथे दुसरं बालपण खर्ची पडतं, आणि हा खर्च शाळेच्या हजेरीपटावरचं गैरहजर नाव एवढ्याच रूपात कुठेतरी नोंदला जातो.

कोपीत आता मोबाईलही आला आहे, जसा तो नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये आला आहे. रडतं पोर गप्प करायला दोन्हीकडे तोच पुढे केला जातो, आणि दोन्हीकडच्या आयांचा थकवा मला समजतो. तरी बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगायला हवा. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसून बोलला, खेळला, त्या बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद कळू लागले. ज्यांनी तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर पाहिलं त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. पडद्यावरचं माणूस बाळाच्या हुंकारानंतर थांबत नाही, त्याने बोट दाखवलं तिकडे वळून बघत नाही.

मग करायचं काय? जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी गरीब वस्त्यांतल्या नऊ महिने ते दोन वर्षं वयाच्या १२९ खुज्या मुलांवर काम सुरू केलं. त्यांच्यातल्या काहींच्या घरी वस्तीतल्याच आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. बरोबर हाताने बनवलेली खेळणी नेत आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला सोबत करत. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्याकडे असं कुणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. कुणी मोठा तज्ज्ञ नाही, महाग साहित्य नाही. शेजारची एक शिकवलेली बाई आणि आठवड्यातला एक तास.

हे वाचताना आपल्या जिल्ह्याला जमैकाकडे नवलाने बघायचं कारण नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक गावाला स्वतःतलीच एक बाई निवडायला सांगितली. त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. या ग्राम आरोग्य सेविका नेमाने जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं घेत, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवत, बाळंतिणीला पहिलं दूध पाजायला लावत. त्या भागात १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९०च्या दशकात तो आकडा विशी-पंचविशीवर आला. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला. मला त्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही: बाळाबद्दलचं शास्त्र गावातल्या सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या बाईच्या हाती दिलं, आणि तिने ते पेललं. जी बाई वजनाचा तक्ता समजून घेऊ शकते ती सहा महिन्यांच्या बाळाने हुंकार दिला की काय करावं हेही समजून घेऊ आणि समजावून देऊ शकते. जीव वाचवण्याचं काम जिने तडीस नेलं, तिच्याकडेच जीव फुलवण्याचं काम सोपवायला हवं.

सरकारी पातळीवर या वयाची आठवण फार उशिरा झाली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. अंगणवाडीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसायला जागा दिली, त्याहून लहान बाळाच्या वाट्याला मुख्यतः लस आणि घरी न्यायचा आहार आला. तीन वर्षांखालच्या मुलांशी खेळण्या-बोलण्याचा राष्ट्रीय आराखडा, ‘नवचेतना’, २०२४मध्ये आला. ऊसतोड मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, वसतिगृहं निघाली, आणि ती हवीतच. पण दीड वर्षाचं पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. कारखान्यांच्या कायद्यात स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद १९४८पासून आहे. ऊस तोडणारी बाई मात्र कारखान्याची कामगार समजली जात नाही. ती मुकादमाच्या टोळीतली. तिने तोडलेला ऊस गव्हाणीत पडतो, तिचं मूल कायद्याच्या बाहेर राहतं.

एक तरतूद मात्र अगदी नेमकी आहे. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात म्हटलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली असतील तर कामकरी बायांपैकी एकीला ती सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. पुष्कळ ठिकाणी ते कागदावरच राहिलं, पण विचार बरोबर होता. मूल सांभाळणं हे काम आहे, आणि कामाला मजुरी असते. टोळी दहा-पंधरा कोयत्यांची असेल तर तिच्यात पाच लहान मुलं सहज निघतात. त्यांच्यासाठी एक बाई, एक सावलीची जागा, पाण्याची घागर, आणि त्या बाईला जामखेडच्या पद्धतीने थोडं थोडं करून दिलेलं शिक्षण एवढं पुरतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघांनी कोसबाडच्या डोंगरात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या रुसून बसल्या नाहीत. गुरं जिथे चरत तिथे शाळा गेली. फडावरच्या बाळाकडे जायलाही रस्ता आहे, ट्रॅक्टर रोज जातोच.

पैशाचा प्रश्न निघेल आणि तो निघायला हवा, कारण हा विषय माझ्या मते तिथेच सुटणार आहे. तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना दर काही वर्षांनी एकत्र बसून ठरवतात. टनामागचे रुपये, मुकादमाचं कमिशन, वाहतुकीचा दर, सगळ्यावर तिथे घासाघीस होते, आणि सही झाली की तो करार राज्यभर चालतो. पुढच्या करारात एक कलम वाढवता येईल: टोळीत पाच लहान मुलं असतील तर एका बाईला कोयत्याच्या निम्म्याइतकी मजुरी, हंगामभर, मुलांपाशी राहण्यासाठी, तिचा खाडा न धरता. टनामागे त्याचा बोजा किती पडेल हे कारखान्याचा कुठलाही हिशेबनीस एका दुपारी काढून देईल. संघटनांनी ही मागणी पहिल्या पानावर ठेवावी, आणि आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी कारखान्याने कराराची वाट न पाहता येत्या गळीत हंगामापासून स्वतःच्या गटात ती सुरू करावी.